लखोट्यातलं मत

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. नारळ घेताना मी तो चारदा कानाशी हलवते, आणि दुकानदार 'ताई, डोळे झाकून न्या' म्हणाला की तो नारळ परत ठेवते. यात माझा काही दोष नाही. मी लग्न होऊन गलाईवाल्याच्या घरात आले. विट्याच्या आसपासच्या गावांतले निम्मे पुरुष देशभर गलाईची दुकानं टाकून बसलेत. जुनं सोनं-चांदी वितळवायची, तेजाबात टाकून भेसळ काढायची आणि चोख करून द्यायची, हे ते काम. या धंद्यात गिऱ्हाईक सोनं हातात देतं आणि ते मुशीतून बाहेर येईपर्यंत नजर हलवत नाही. आम्हाला त्याचा राग येत नाही. उलट जे गिऱ्हाईक सोनं देऊन खुशाल चहाला निघून जातं, त्याचीच मला शंका येते.

माझा नवरा ऋषिराज. आमचं दुकान कोइमतूरला. गावाकडं आमचं वर्षातून एकदा येणं, तेही जत्रेला, आणि दोन दिवसांत परत. गावात माझ्या सासूबाई राहीबाई, त्यांना आम्ही आत्ती म्हणतो, थोरले दीर आकारामदादा आणि माझी जाऊ संयोगिताआक्का. दादा शेती बघतात. आक्का डी.एड. झालेल्या, पण नोकरी कधी लागली नाही, म्हणून सगळं शिकवणं आता गावाला चालू असतं.

मागच्या ग्रामपंचायतीला आक्का सदस्यपदाला उभ्या राहून पडल्या होत्या. विरोधातल्या वीरधवलच्या पॅनेलनं परगावच्या माणसांची मतं भलत्याच माणसांकडून टाकून घेतली, असं त्यांचं म्हणणं होतं. यंदा त्या थेट सरपंचपदाला उभ्या राहिल्या, चिन्ह पाटी. समोर वीरधवल, चिन्ह छत्री. आक्कांनी प्रचारात एकच गोष्ट लावून धरली. देवळासमोरच्या सभेत त्यांनी घरच्यांना आणि पॅनेलच्या सगळ्यांना उभं करून शब्द घेतला की ज्याचं मत त्यानंच द्यायचं, आपल्याकडून एकही खोटं मत पडणार नाही. त्या सभेचा व्हिडिओ दादांनीच आम्हाला पाठवला होता. त्यात दादा पहिल्या रांगेत हात वर करून उभे होते.

दादा बाकी वेळी मतदानाच्या मशीनचे व्हिडिओ पाठवायचे. मशीनमध्ये चिप असते, मशीन मोबाइलवरनं फिरवता येतं, एक बटण दाबलं की दुसऱ्याला मत जातं. रोज सकाळी एक. मी ते सगळे बघायची आणि खरे धरायची, कारण मशीन काही आपल्या डोळ्यांदेखत वितळत नाही. आत काय चाललंय ते कुणाला दिसतं?

आक्कांनी परगावच्या प्रत्येकाला फोन करून बोलावलं होतं. ऋषिराजनं दुकानाचं कारण सांगून नाही म्हटलं. मग मतदान दोन दिवसांवर आल्यावर त्याचं मन पालटलं. "जाऊया," म्हणाला. "कुणाला सांगायचं न्हाई. वहिनींना बघू दे आमी खरंच आलोय ते." मला त्याचं कौतुक वाटलं. इतक्या वर्षांत त्यानं गावात एकदाही मत दिलं नव्हतं, मीही नाही.

गाड्या बदलत, अंग आंबवत आम्ही मतदानाच्या दिवशी विट्याच्या स्टँडवर उतरलो आणि तिथनं वडापच्या जीपनं गावात आलो. ऊन चढलं होतं. दादा अंगणातल्या कट्ट्यावर बसले होते. आम्हाला बघून ते उठले आणि त्यांचा चेहरा पार उतरला.

"आरं, तू कसा काय आलास?" ते म्हणाले.

घरचा माणूस दारात आला की आधी 'ये' म्हणतात. 'कसा काय आलास' हे म्हणणं मला खटकलं. आत्ती पदर सावरत बाहेर आल्या. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग दादांकडं.

दादांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

"बोटाला काय झालं, दादा?"

"उसाचं पाचट लागलं. लय काय न्हाई."

"हळद भरली का? दाखवा बघू."

"भरलीया, भरलीया," म्हणत त्यांनी हात पाठीमागं घेतला.

"मत टाकून आलास का?" ऋषिराजनं विचारलं.

"न्हाई आजून. दुपारच्याला जायाचं. तुमीबी आदी जेवा, वाईच पडा. आत्ता लय गर्दी हाय. आपण सगळी मिळून चारच्या टायमाला जाऊ."

"आवं, आमी काय झोपाय आलोय व्हय येवढ्या लांबनं?" मी म्हणाले. आत्ती लगेच म्हणाल्या, "पोरी, उन्हाचं कशाला जातीस? कालवण तरी खा." एरवी मतदानाच्या दिवशी गावातला प्रत्येक जण दुसऱ्याला घराबाहेर काढायला बघतो. आमच्या घरात मात्र आम्हाला आत कोंडायचं चाललं होतं. मी ऋषिराजला डोळ्यानं खुणावलं आणि आम्ही चपला घातल्या.

आक्का शाळेपासून लांब, नियमाप्रमाणे आखलेल्या रेषेच्या अलीकडं उभ्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि त्यांचे डोळे भरून आले. "भावजी, तुमी आलासा! बघा रं सगळी, ह्याला म्हणत्यात मत." तिथं उभी असलेली आमच्याच पॅनेलची माणसं हसली. पण ते हसू मला पातळ वाटलं.

आत बायकांची रांग छोटी होती, माझं मत आधी झालं. सही केली, शाई लावून घेतली, पाटीवर बटण दाबलं, मशीन वाजलं. त्या आवाजानंही माझं समाधान झालं नाही, पण दुसरं करायचं काय? मी दाराशी येऊन थांबले तेव्हा ऋषिराजचा नंबर आला होता.

कर्मचाऱ्याचं बोट यादीवर फिरत फिरत थांबलं. "ऋषिराज? यांचं झालंय."

"काय झालंय?"

"मतदान. सही आहे इथं."

ऋषिराजला थट्टाच वाटली. "आवं, मी आत्ता वडापातनं उतरलोय."

मुख्य अधिकारी शिराळ्याकडचे एक मास्तर होते. ते उठून आले, शांतपणे म्हणाले, "डावा हात दाखवा."

ऋषिराजनं हात पुढं केला. चांदी तेजाबात टाकली की तिचं जे पाणी होतं, ते बोटांना लागलं की बोटं काळी पडतात आणि कित्येक दिवस ती काळी राहतात. गलाईवाल्याची बोटं अशीच असतात. आमच्या गल्लीत त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण इथं, त्या शाळेच्या खोलीत, माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताचं पहिलं बोट नखापासून काळं होतं.

"शाई तर लागलेली आहे की हो," मास्तर म्हणाले.

"साहेब, ती शाई न्हाई. चांदीचं पाणी हाय. गलाईचं दुकान हाय माझं."

"चांदीचं पाणी!" रांगेतून कुणीतरी म्हणालं. "गड्या, झाक शोध लावलायस." रांग हसली. दारातून एक जण मोबाइल वर धरून उभा होता.

उमेदवारांचे एजंट भिंतीकडेला बसतात. कोण खरा मतदार आणि कोण तोतया हे ओळखायलाच तर त्यांना बसवलेलं असतं. आमच्या पॅनेलचा एजंट जयराज होता, ऋषिराजबरोबर विहिरीत पोहायला शिकलेला. ऋषिराज त्याच्याकडं वळला. "जयराज, सांग की रं. माझ्या नावानं कोण येऊन गेलं? तू हितंच बसलायस न्हवं सकाळपासनं?"

जयराजनं मान खाली घातली. "मला काय ठावं. मी चाला गेल्तो."

"मला वळकतोस का न्हाई तेवढं तरी सांग."

जयराज समोरची यादी चाळत बसला. त्याच्या शेजारी वीरधवलचा एजंट होता, तो छताच्या पंख्याकडं बघत होता. ऋषिराजच्या मानेवरची शीर उडताना मला दारातून दिसत होती. हा माणूस दुकानात गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊन हसतो, पण त्या क्षणी त्याला रडू येईल असं मला वाटलं.

तेवढ्यात वीरधवल आत आला. उमेदवाराला केंद्रात येता येतं. पांढरा शर्ट, डोळ्यांवरचा गॉगल कपाळावर चढवलेला. आला तो सरळ ऋषिराजच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. "साहेब, ह्यो ऋषीच हाय. आमच्या वर्गातला. माणूस खरा हाय. ह्येला मत मिळालंच पायजे."

मास्तरांनी मतदार ओळखपत्र दोनदा बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि मग म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या नावावर कुणी आधी मत देऊन गेलं असेल तर तुम्हाला प्रदत्त मत देता येतं. ते मशीनवर नाही, कागदावर. शिक्का मारा, ते मी लखोट्यात घालून बंद करतो. पण हे मोजणीत धरत नाहीत. कोर्टात कुणी अर्ज केला आणि कोर्टानं सांगितलं, तरच लखोटा उघडतो."

ऋषिराज आडोशाला गेला, घडी घालून कागद घेऊन आला. लखोटा माझ्या डोळ्यांसमोर बंद झाला. मला वाटलं, या सगळ्या प्रकारात मी स्वतः बघितलेली तेवढीच एक गोष्ट.

परत येताना तो माझ्या दोन पावलं पुढं चालत होता. मग रस्त्याच्या कडेला थुंकला आणि म्हणाला, "वहिनींनाच दिलं."

मी विचारलं नव्हतं.

आम्ही घरी पोचायच्या आत व्हिडिओ गावभर झाला. 'पाटीवाल्या बाईंचा दीर दुसऱ्यांदा मत टाकताना सापडला.' त्यात ऋषिराजचं काळं बोट एवढं मोठं दिसत होतं. 'चांदीचं पाणी' हे शब्द तर पोरांच्या तोंडी बसले. ज्या बाईनं गावासमोर खोटं मत न टाकण्याचा शब्द घेतला, तिच्याच घरचा माणूस. माझा नवरा घरात पालथा पडून राहिला. मी मात्र स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हे.

माझा संशय अर्थातच वीरधवलवर होता. न मागता खांद्यावर हात ठेवणाऱ्या माणसाची मला पहिल्यापासून भीती वाटते. त्यानंच कुणाकडून तरी मत टाकून घेतलं असणार आणि वर चांगुलपणाही मिळवला, असा माझा हिशेब. मी शेजारच्या रंगूबाईंकडं गेले. त्या सकाळी सगळ्यांच्या आधी मत देऊन आलेल्या, रांगेत कोण कोण होतं ते त्यांना पाठ असणार.

"रंगूमावशी, आमच्या ह्यांच्या नावानं कोण गेल्तं आत?"

रंगूबाई शेंगा फोडत होत्या. त्यांचे हात थांबले. "बाई गं, आलीस कशाला तू येवढ्या लांबनं?" त्या म्हणाल्या. "न्हाई आलीस तर कुणाचं काय आडलं आसतं?"

किराणा दुकानदारानं मला बघून आतल्या पोत्यांची मोजदाद काढली. पारावरची तीन म्हातारी माणसं बोलता बोलता गप्प झाली आणि एकानं विचारलं, "तिकडं पाऊसपाणी कसं काय हाय?" सगळ्यांना काहीतरी माहीत होतं आणि ते फक्त आम्हा दोघांनाच सांगायचं नव्हतं. परक्या शहरात मला कधी इतकं परकं वाटलं नव्हतं. रस्त्यानं चालताना माझ्या रागाला तोंड सापडेना.

संध्याकाळी मतदान संपलं आणि आक्का घरी आल्या. त्यांचा आवाज बसला होता. ऋषिराजच्या समोर बसून त्या म्हणाल्या, "भावजी, तुमच्यावर माझा इस्वास हाय. ही वीरधवलचीच करणी. मी कलेक्टरपोतर जाईन."

"वीरधवल कशाला, मशीनच खोटं हाय ते!" दादा दारातून ओरडले. "मी पयल्यापासनं सांगतोय. मशीनमदी मतं आदीच घालून ठेवत्यात."

"दादा," मी म्हणाले, "मशीन यादीत सही करत न्हाई. सही माणूसच करतोय."

दादांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "वाढा आता, भुका लागल्यात," म्हणाले.

दुपारी तेही मत देऊन आले होते. चिंधी अजून बोटाला होती, दिवसभराच्या धुळीनं मळून काळी झालेली. पानं वाढेपर्यंत मी तांब्या घेऊन त्यांच्या हातावर पाणी घालायला पायरीवर गेले. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात संशय नव्हता, फक्त किळस होती. एवढ्या घाण चिंधीनं माणूस जेवायला कसा बसतो? ती ओली होऊन सैल झाली होती. मी "थांबा, हळद भरून दुसरी बांधते" म्हणत तिचं टोक धरलं. दादांनी हात ओढला आणि चिंधी माझ्या हातात राहिली.

बोटाला जखम नव्हती. साधा ओरखडाही नव्हता. होती ती शाई, नखावरून खाली ओढलेली ताजी रेघ. आणि शेजारच्या मधल्या बोटावर तशीच दुसरी.

पहिल्या बोटाला जखम असली की शाई दुसऱ्या बोटाला लावतात. सकाळी लवकर जाऊन एका बोटावर शाई घेतली, चिंधी बांधली, आणि दुपारी दुसऱ्या बोटावर. मी तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. दिवसभर मी गावात चोर शोधत फिरले होते आणि चोराच्या बोटाला हळद भरायला निघाले होते.

"आक्का," मी हाक मारली, "जरा हिकडं या."

आक्का आल्या. दादांनी मूठ मिटली होती. आक्कांनी ती लहान पोराची उघडावी तशी एकेक बोट करून उघडली आणि दोन्ही रेघा बघितल्या. मागून ऋषिराज येऊन उभा राहिला होता. त्यालाही दिसलं.

"दादा, तू?" तो एवढंच म्हणाला.

"मग काय करायचं हुतं?" दादांचा आवाज चढला. "तू येनार न्हाई म्हणालावतास. सकाळच्या पारी तेंची सा माणसं परगावच्या लोकांची मतं टाकून गेली. जयराज बघत हुता. तेंनी आपलं बघायचं न्हाई, आपण तेंचं बघायचं न्हाई, आसंच चालतंय हितं. सगळ्या गावाला ठावं हाय. हिला तेवढं ठावं न्हवतं, ही भाषणं करत फिरती."

"आणि तुझ्यामुळं मी चोर ठरलो. तवा तरी बोलायचं हुतंस की!"

"बोललो आसतो तर ही पडली आसती."

आत्ती मध्ये आल्या. "त्येला बोलू नका. मीच सांगते त्येला दर टायमाला. ऋषीचं मत पडलं न्हाई तर यादीतनं नाव कापत्याल. नाव गेलं म्हंजे माझं पोरगं गावातनं गेलंच की. नाव ऱ्हावं म्हणून टाकतोय आमी."

मला तेव्हा एक शंका आली, आणि ती विचारल्याशिवाय राहवेना. "आत्ती, मग आजपतोर माझं मत?"

आत्तींनी डोळ्यांना पदर लावला. "तुजं म्या टाकते. पदर म्होरं घेतला की कोन बघतंय? आज बी दुपारच्याला जानार हुते."

हसावं की ओरडावं मला कळेना. इतकी वर्षं मी कोइमतूरला स्वयंपाक करत होते आणि इकडं गावात नेमानं मत देत होते. आमची वाट बघणाऱ्या घरानं आम्हाला यादीतनं कधी घालवलंच नव्हतं, त्यामुळं आम्ही येण्याची गरजही उरली नव्हती. आत्तींच्या मायेबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या रात्री मला त्यांच्या हातचं जेवण गेलं नाही.

आक्का पायरीवर बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत. "तुमी हात वर केलावता," त्या दादांना म्हणाल्या. "सगळ्यांच्या म्होरं." आणि मग, "आता मी पडले तर बरं हुईल बगा."

पण त्या पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी विट्याला मोजणी झाली. आत काय चाललंय ते कळत नव्हतं, बाहेर मांडवात माणसं उभी होती. आक्का एका मतानं निवडून आल्या. फेरमोजणी झाली, तरी एकच. आमच्या माणसांनी गुलालाची पोतीच फोडली. जयराज नाचत होता. दादा एका कडेला उभे होते, त्यांना हसू आवरत नव्हतं आणि आक्कांकडं बघायचं धाडसही होत नव्हतं.

वीरधवल गर्दीतून वाट काढत आला. मला वाटलं, आता हा लखोटा उघडा म्हणून बोंब मारणार. एक मत म्हणजे केवढं! त्यानं आक्कांना नमस्कार केला. "अभिनंदन वहिनी."

"तुमी अर्ज करा," आक्का सरळ म्हणाल्या. "कोर्टात. ऋषीभावजींचं मत उघडा म्हणावं."

वीरधवलनं इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "कशाला वहिनी? तुमचं एक उघडलं की आमची सा उघडायला लागतील. माझ्याच चुलत्यांवर केस हुईल. पाच वर्षं हाय की, करा कारभार." आणि जाता जाता ऋषिराजच्या खांद्यावर पुन्हा हात ठेवून गेला.

घरी आल्यावर आक्कांनी अंगणातली माणसं चहा देऊन लावून दिली. दादा मिरवणुकीबरोबर देवळाकडं गेले होते. अंगणात आत्ती, ऋषिराज, मी आणि आक्का. आक्कांच्या कपाळावर, केसांत, खांद्यावर गुलाल होता. त्यांनी पुसला नव्हता.

"रेश्मा, अर्ज तू कर."

"मी?"

"तू ह्या गावची मतदार हायस. मतदाराला करता येतो, मी वकिलाला इचारलंय. माझ्या इरोधात कर. ह्येंचं खोटं मत काढू दे आणि भावजींचं खरं धरू दे. त्येंचं बी मला, भावजींचं बी मला. हिशेब तोच ऱ्हातोय. मी एका मतानंच निवडून आलेली ऱ्हाईन, पण सरळ. भावजींवरचा डाग बी निघंल."

मला ते एकदम पटलं. माझ्या नवऱ्याचं नाव धुऊन निघण्याची ती एकच वाट होती. मी म्हणाले, "आजच लिहिते."

"नको," ऋषिराज म्हणाला.

आम्ही दोघींनी त्याच्याकडं बघितलं.

"म्हंजे कशाला ते कोर्ट," तो म्हणाला. "दादावर केस हुईल. लोक इसरत्यात. आपण काय, उद्या परत चाललोय. व्हिडिओचं काय, मला काय फरक पडतोय?"

काल हाच माणूस पालथा पडून होता. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि मला तो रस्ता आठवला, ते थुंकणं, आणि मी न विचारता त्यानं दिलेलं उत्तर. माझ्या संशयानं मला आयुष्यात अनेकदा तोंडघशी पाडलंय. देवाशपथ, या वेळीही पाडावं असं मला फार वाटलं.

आक्कांना माझ्याआधी कळलं होतं. "भावजी," त्या हळू म्हणाल्या, "तुमी छत्रीवर शिक्का मारलाय व्हय?"

ऋषिराज मान खाली घालून आपल्या काळ्या बोटांकडं बघत बसला. मग म्हणाला, "वहिनी, त्या खोलीत समदी आपली माणसं हुती. जयराज हुता. एकानं मला वळखलं न्हाई. त्यो वीरधवल तेवढा म्हणाला, ह्यो ऋषी हाय. मी आत गेलो, शिक्का हातात हुता, आणि..."

मी मनात आकडे मांडले, आक्काही तेच करत असणार. दादांचं खोटं मत काढलं की बरोबरी. लखोटा उघडला की आक्का एका मतानं पडलेल्या. दादांनी भावाचं मत चोरून बायकोला दिलं होतं, आणि चोरलं म्हणूनच ते दुसरीकडं गेलं होतं.

मी म्हणाले, "आक्का, ऱ्हाऊ द्या. कुणाला ठावं हाय? लखोटा बंद हाय."

मी हे म्हणाले. मी, जी बंद डोळ्यांनी नारळ घेत नाही. देवळाकडून ढोलाचा आवाज येत होता आणि आक्कांच्या नावाचा गजर. त्यांनी पदराचं टोक घेऊन कपाळावरचा गुलाल पुसला, नीट पुसला. मग आत जाऊन एक कोरा कागद आणि पेन घेऊन आल्या, ते माझ्यासमोर पाटावर ठेवलं.

"लिही," त्या म्हणाल्या. "आणि खाली सही तुजी तू कर."